‘सरळ इंडस्ट्रियलच घ्या’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरगुती आणि इंडस्ट्रियल शिलाई मशीनवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर विरोध नोंदवलात, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घरगुती मशीन जाड कापडावर दम टाकतं, इंडस्ट्रियल आयुष्यभर टिकतं, त्याचा आवाज, बेफाम वेग आणि विजेचा खर्च हे जुने आक्षेप सर्वो मोटरने निकालात काढले, तेव्हा ‘आधी काय शिवणार ते ठरवा’ असं सांगून नवशिक्यांना घोळात घालू नये, सरळ इंडस्ट्रियल घ्यायला सांगावं.

सर्वोचा मुद्दा अगदी बरोबर आहे. क्लच मोटर, म्हणजे इंडस्ट्रियलवरची जुन्या पद्धतीची मोटर, स्विच लावल्यापासून पूर्ण वेगाने फिरत राहते, ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण २,८५० फेरे, तुम्ही टीप मारा की नुसते बसून राहा. पायाखालची पट्टी फक्त क्लच चिकटवते, त्यामुळे हळू शिवणं म्हणजे क्लच अर्धवट घसरवत ठेवण्याचं कसब. सर्वो मात्र पाय दाबला तरच फिरते. कमाल वेग तिच्या डब्यावर बांधून ठेवता येतो, अगदी मिनिटाला २०० ते ३०० टाक्यांपर्यंत खाली आणता येतो, आणि बऱ्याच सर्वोंवर पाय सोडला की सुई वर थांबावी की कापडात, हेही ठरवता येतं. कोपरे वळवताना याचा फार उपयोग होतो. आज क्लच मोटरचं नवीन मशीन घ्या असं मीही कुणाला सांगणार नाही.

पण सर्वोने मोटर बदलली, मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावरचं शिवणारं यंत्र, तेच राहिलं. माझा आक्षेप डोक्याबद्दल होता.

सरळ टिपेचं इंडस्ट्रियल मशीन एका वजनाच्या कापडासाठी जुळवून दिलेलं असतं. हलक्या-मध्यम कापडाच्या मशीनला कापड पुढे सरकवणारे बारीक दाते, सुईखालच्या प्लेटला लहान गोल भोक, आणि सुईचा दोरा खाली पकडणारा, त्याला साजेसा हुक. जाड कापडाच्या मशीनला भरड दाते, मोठं भोक, सुईला जास्त ताकदीने वर-खाली नेणारी रचना. दोन्ही बाहेरून जवळपास सारखी दिसतात. जाड कापडाच्या मशीनवर मलमल घातली तर सुई कापड मोठ्या भोकात ढकलते, भरड दात्यांचे वळ उठतात, टिपेशेजारी चुण्या पडतात. उलट, मध्यम मशीनला १८ नंबरची सुई लावून कॅनव्हास शिवायला गेलात तर सुई भोकाच्या कडेला घासते किंवा हुकाच्या टोकाला लागते. कारण सुईची खाच (नेढ्याजवळचा खोलगट भाग) आणि हुकाचं टोक यांत ०.०४ ते ०.१ मिलिमीटर एवढंच अंतर ठेवलेलं असतं. सुई जाड झाली की हे अंतर संपतं. मग प्लेट, दाते, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय आणि सुई असा सगळा संच बदलावा लागतो आणि हुकही पुन्हा बसवावा लागतो. सकाळी अस्तर आणि दुपारी जीन्स शिवणाऱ्याने हे रोज करावं असं म्हणणं चुकीचं आहे.

घरगुती मशीन मुळातच तडजोडीचं आहे, आणि तीच त्याची ताकद आहे. ९ किंवा ११ नंबरची सुई काढून १६ ची लावा, दोऱ्याचा ताण थोडा बदला, टाका २.५ वरून ३.५ मिलिमीटर करा, की कापड बदललं. त्याची किंमतही मोजावी लागते. झिगझॅगसाठी प्लेटला ५ ते ७ मिलिमीटर रुंद फट असते, म्हणून पातळ कापडाचं टोक सुरुवातीलाच आत ओढलं जातं आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. याला सरळ टिपेची, एकाच भोकाची वेगळी प्लेट मिळते. ती लावल्यावर चुकूनही झिगझॅग सुरू करू नका, सुई थेट प्लेटवर आपटेल. एक गोष्ट मोकळेपणाने मान्य: सुती कुर्त्याची लांबलचक सरळ टीप नीट जुळवलेलं मध्यम इंडस्ट्रियल जितकी सुरेख मारतं, तितकी कुठलंच घरगुती मशीन मारत नाही.

आता जाड कापडावर दम टाकण्याबद्दल. तुम्ही जीन्सच्या तळाची दुमड हे उदाहरण दिलंत, तेच जवळून पाहू. पँटच्या पायाच्या बाजूची चपटी शिवण चार थरांची असते. तळाला दोनदा दुमडलं की त्या जागी बारा थर होतात आणि शेजारी फक्त तीन. मशीनचा पाय त्या उंचवट्यावर चढताना पुढून उचलला जातो, तिरका होतो. तिरक्या पायाखाली दात्यांना कापड धरता येत नाही, म्हणून टाके एकदम बारीक पडतात किंवा मशीन एकाच जागी टोचत बसतं. कापड ओढून मदत केली की सुई वाकते. वाकलेल्या सुईचा दोरा हुकाच्या टोकापासून लांब जातो आणि टाका सुटतो, नाहीतर सुई प्लेटवर आदळून तुटते. यात मोटर कमी पडण्याचा भाग थोडा, पाय तिरका होण्याचा भाग मोठा. इंडस्ट्रियल मशीनवरही तो पाय तिरका होतोच. फरक एवढाच की तिथे सुई जास्त वेगात तुटते.

यावर उपाय दोन्ही मशीनांना एकच. शिवण आधी जाड फडक्यात धरून हातोडीने ठोकून चपटी करा. १६ नंबरची जीन्सची सुई लावा. उंचवट्याच्या अलीकडे सुई कापडात ठेवून थांबा, मशीनचा पाय उचला, त्याच्या मागच्या भागाखाली त्याच जाडीची घडी घातलेलं कापड सरकवा, म्हणजे पाय आडवा राहील. मग हाताने चाक फिरवून तेवढे पाच-सहा टाके घ्या. पलीकडे उतरताना हीच घडी पुढे लावा.

घरगुती मशीन खरंच कमी पडतं ते सलग तासन्‌तास चालवल्यावर. त्याची मोटर साधारण ७० ते १०० वॅटची, इंडस्ट्रियलची सर्वो सहसा ५५० वॅटची. पायडलवर मोटरला मिळणारी वीज कमी-जास्त होते, म्हणून हळू चालवताना नेमका जोर घटतो आणि मोटर तापते. रोज एकाच मापाचे पन्नास पडदे किंवा गणवेश शिवायचे असतील तर घरगुती मशीन घेऊच नका, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे.

बॅगा आणि चामडं शिवणाऱ्यांनी मात्र तुमचा सल्ला जपून घ्यावा. साधं सरळ टिपेचं इंडस्ट्रियल फक्त खालून दात्यांनी कापड ओढतं. चामड्याचे किंवा रेक्झिनचे दोन थर असले की खालचा पुढे सरकतो, वरचा पायाला चिकटून मागे राहतो, आणि शिवणीच्या शेवटी दोन्ही कडा जुळत नाहीत. त्यांना वॉकिंग फूटचं मशीन हवं, ज्यात वरचा पायही कापड पुढे नेतो. ‘इंडस्ट्रियल’ एवढंच बघून साधं मशीन घेतलेल्यांची सगळ्यात मोठी निराशा इथेच होते, आणि मला याची खरंच काळजी वाटते.

शिवाय सरळ टिपेचं इंडस्ट्रियल फक्त सरळ टीप मारतं. काज नाही, झिगझॅग नाही, ताणणाऱ्या कापडाचा टाका नाही. टी-शर्टला सरळ टीप मारली तर डोक्यातून घालताना दोरा तटकन तुटतो. म्हणजे दुसरं मशीन आलंच.

टिकाऊपणाचा मुद्दा खरा, पण तो तेलावर अवलंबून आहे. डोक्याखालच्या तेलाच्या टाकीत पातळी वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये असावी, आणि चालू असताना वरच्या काचेत तेल उडताना दिसायला हवं. सर्वोवर सतत अगदी हळू शिवणाऱ्यांनी ही काच मुद्दाम बघावी, कारण पंप मशीनच्याच वेगावर चालतो. तेल दिसत नसेल तर दोरा आणि बॉबिन काढा, मशीनचा पाय वर उचलून ठेवा आणि मध्यम वेगाने थोडा वेळ चालवा. पाय खाली ठेवून रिकामं चालवलंत तर दाते घासले जातील. हलवण्याआधी तेल काढून घ्या. नुसतं डोकंच ३० किलोच्या आसपास असतं आणि टेबल साधारण १.२ मीटर लांब, तेव्हा जागाही आधीच मोजा.

सुयांची अदलाबदल करू नका. घरगुती सुईची मान एका बाजूने चपटी असते, सरळ टिपेच्या इंडस्ट्रियलची सहसा डीबी × १ ही गोल मानेची. गोल मान कशीही फिरते, म्हणून बसवताना लांब चर डावीकडे आणि खाच उजवीकडे, हुकाकडे, आहे ना ते बघून मगच स्क्रू आवळा. थोडी जरी फिरली तरी टाके सुटतात, आणि लोक उगाच हुकाचा टायमिंग (सुईशी असलेला मेळ) बिघडला म्हणून मेकॅनिकला बोलावतात.

म्हणून माझा सल्ला तोच राहील. एकाच वजनाचं कापड, लांब सरळ शिवणी आणि रोजचं काम असेल तर सर्वो लावलेलं इंडस्ट्रियल. आठवड्यात कधी ब्लाउज, कधी उशीचे अभ्रे, कधी मुलांचे टी-शर्ट असतील तर चांगलं घरगुती. ‘हेवी ड्यूटी’ हा शब्द खोक्यावर दिसला म्हणून निर्णय घेऊ नका. दुकानात स्वतःचा दोरा आणि स्वतःची कापडं घेऊन जा: पातळ सुतीचे दोन थर आणि जीन्सच्या तळाची बारा थरांची जागा. पातळ कापडावर टीप दोन्ही बाजूंनी बघा. खालचा दोरा सरळ तारेसारखा पडून वरचा त्याला वेढे घालताना दिसला तर वरचा ताण ढिला आहे. तो वाढवूनही तसंच राहिलं, तर ते मशीन बाजूला ठेवून दुसरं दाखवायला सांगा.