तीन वर्षं सायकल स्टार्ट दाबून पोरगं शिकतं काय?

चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत जा, गेटवर 'ट्रेनी पाहिजेत' हा बोर्ड बारमाही. पोरगं चिकटलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि कुठल्यातरी योजनेच्या अहवालात प्लेसमेंटचा आकडा एकाने वाढतो. माझं भांडण या आकड्याशी आहे. पहिली नोकरी मोजून काय कळणार? दुसरी मोजा.

सीएनसी लेथच घ्या, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापणारं संगणकी यंत्र. ऑपरेटर चकमध्ये, म्हणजे यंत्राच्या पकडीत, जॉब (कापायचा तुकडा) धरतो, दार ओढतो, सायकल स्टार्टचं बटण दाबतो, जॉब काढून माप तपासायच्या गेजला लावतो. हे आठवड्यात येतं. सेटर, म्हणजे यंत्र कामाला लावून देणारा, जॉब झिरो (मापाचा आरंभबिंदू) घेतो, टूल ऑफसेट (हत्याराच्या जागेची दुरुस्ती) टाकतो, इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजला की मायक्रोमीटरवर माप बघून तेवढी दुरुस्ती देतो. पगारातला फरक इथून सुरू होतो. पण बाहेरचा व्यास ०.०४ मिमी जाड येतोय आणि नवख्याने दुरुस्ती वजाऐवजी अधिक दिली, तर पुढचा जॉब आणखी जाड. हा निदान परत कापता येतो. घाबरून हवी त्याच्या दुप्पट वजा दिली की जॉब बारीक, म्हणजे थेट भंगार. ते भंगार सुपरवायझरच्या नावावर चढतं, टार्गेटही बुडतं. मग तो ट्रेनीला ऑफसेटच्या पानाला बोट लावू देईल कशाला? त्यात दुष्टपणा काही नाही, सरळ हिशेब आहे. पण याच हिशेबात पोराची तीन वर्षं जातात आणि दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला ड्रॉइंग समोर ठेवलं की ते गप्प बसतं.

गंमत म्हणजे ही मेख १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याला ठाऊक होती. अप्रेंटिसला नगावर पैसे द्यायचे नाहीत, उत्पादन बोनसच्या स्पर्धेत ओढायचं नाही, सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम नाही, असं त्यात स्पष्ट आहे. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यायचेच आहेत. पण पोराला हे संरक्षण मिळतं ते करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदला असेल तर. नुसतं 'ट्रेनी' लिहिलेलं लेटरहेड म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे. आणि नोंद असली तरी पुढे कायम करायचं बंधन कंपनीवर नसतं. भरतीचं धोरण तिचं ती ठरवते. सहा-सात महिन्यांनी 'ब्रेक' घेऊन शेजारच्या गेटवर उभी राहणारी पोरं बघितली की नोंदणी आणि प्रमाणपत्राची किंमत कळते.

युगांडात अर्थतज्ज्ञांनी याचीच चाचणी घेतली. काही तरुणांना संस्थेत सहा महिने प्रशिक्षण, काहींना थेट कंपनीत, आणि पुढे काही वर्षं पाठपुरावा. कंपनीत शिकलेले आधी कामाला लागले, पण नंतर संस्थेत शिकलेले पुढे गेले. कारण साधं: त्यांच्या हातात दुसऱ्या मालकाला दाखवता येईल असं प्रमाणपत्र होतं, त्यामुळे नोकरी सुटली तरी नवी मिळायची. पाठपुरावा ९० दिवसांवर थांबवला असता तर निष्कर्ष बरोबर उलटा निघाला असता! आपल्याकडचे बहुतेक अहवाल तिथेच थांबतात.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तेच. २०२४ मध्ये सहा महिन्यांसाठी सुरू झाली. महिन्याला बारावीला ६,०००, आयटीआय-डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये. मग मुदत ११ महिने केली, आणि ती संपताना पोरं 'कायम करा' म्हणत रस्त्यावर आली. ग्रामपंचायतीत दाखले टाइप करून कुठल्या दुसऱ्या नोकरीचं दार उघडतं, हे आधी कुणी विचारलंच नव्हतं.

पोरगं लागलं असेल तर पहिल्या महिन्यातच बघा: पोर्टलवर कराराचा नंबर दिसतो का, ट्रेड कोणता लिहिलाय (आयटीआय फिटरचा आणि खाली भलतंच 'पॅकिंग' नको), शेवटी परीक्षा कोण घेणार, स्टायपेंड बँकेत येतो की पाकिटात. दर महिन्याला वहीत एकच नोंद करायला सांगा, या महिन्यात नवीन कोणतं काम स्वतःच्या हाताने केलं. सलग तीन महिने 'लोडिंग-अनलोडिंग' आलं तर जिल्ह्याच्या आयटीआयमधल्या बीटीआरआय (शिकाऊ उमेदवारांच्या मूलभूत प्रशिक्षणाच्या) केंद्रात ती वही घेऊन जा. सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागार तिथेच बसतात.