चिखलाच्या हातानं दही कोण खातंय?

भाच्याचं बी.एस्सी. नर्सिंग संपलं. गेल्या रविवारी घरी आला होता. जेवता जेवता म्हणाला, "मामा, सायकियाट्रीत अर्ज करू का? पण तिथं सलाइन तरी लावायला मिळतं का?" मी तोंड उघडायच्या आत माझी बहीण, "गप जेव. घरात एक आहे तेवढा बास."

तो एक म्हणजे मी. मानसोपचार वॉर्डात ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, हे चौदावं वर्ष. त्या दिवशी आमटी-भातावर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा. पेशंटच्या खुणा बदलल्यात, ओळखायला जाऊ नका.

बहिणीचा राग मला कळतो. आमच्या बेळगाव भागात कुणी जरा वेडंवाकडं बोललं की "ह्याला धारवाडला पोचवा" म्हणतात. धारवाडचं मनोरुग्णालय १८४५ पासूनचं. पावणेदोनशेहून जास्त वर्षांत गावाचं नावच शिवी होऊन बसलं. माझं लग्न जमवताना आई पाव्हण्यांना सांगायची, "मोठ्या दवाखान्यात आहे." कुठल्या वॉर्डात ते विचारलं की चहा आणायला आत जायची. दोन स्थळं तेवढ्यावर मोडली. एका मुलीच्या काकांनी तर तोंडावर विचारलं, "रोज त्यांच्यात राहून तुमच्यावर काय परिणाम होत नाही न्हवं?" होतो की. झोप उडते, पाठ धरते आणि लग्नात कुणी जोरात हसलं की आधी दाराकडं बघायची सवय लागते.

आता सलाइन. लागते आमच्याकडंही, दारूच्या पेशंटला. रोज पिणाऱ्यानं अचानक बंद केली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरचे नसलेले किडे वेचायला लागतो, घामानं निथळतो, पोराला ओळखत नाही. तेव्हा ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, गेलं पाहिजे, एवढं लक्षात ठेव. पण खरं आहे, सर्जरीतल्या मित्रांचे हात जेवढे चालतात तेवढे माझे चालत नाहीत. ते मला म्हणतात, "तुझं बरं आहे बाबा, गप्पा मारायचा पगार."

तर ह्या गप्पा कशा असतात ते सांगतो.

पेशंट आला की पट्टा, बुटाची नाडी, ब्लेड, काचेच्या बांगड्या काढून घ्यायच्या, आणि त्याही अशा काढायच्या की बाईला आपलं सौभाग्य उतरवतायत असं वाटू नये. जेवणानंतर चमचे मोजायचे. गोळी दिली की "जीभ वर करा, आता गाल दाखवा." रात्री दर तासाला टॉर्च घेऊन फिरायचं आणि कोण झोपलाय, कोण नुसता डोळे मिटून पडलाय ते लिहायचं. सकाळी डॉक्टर त्या कागदावरून डोस ठरवतात. म्हणजे मी डुलकी काढून "झोप चांगली" लिहिलं तर त्याची शिक्षा दुसराच कुणीतरी भोगणार.

हात थरथरतोय म्हणून बशीत चहा सांडणारा पेशंट मला रक्ताच्या रिपोर्टच्या आधी कळतो. लिथियमवरचा, म्हणजे मनाचे चढउतार आवरायच्या गोळीवरचा माणूस, एप्रिलचं ऊन, पाणी कमी, त्यात जुलाब. अशा वेळी अंगातलं लिथियम चढतं आणि विषासारखं वागतं. बशीत सांडलेला चहा बघून डॉक्टरांना फोन केला होता, तो माणूस आज त्याच्या शेतात ऊस लावतोय.

खानापूरकडचा एक पोरगा. इंजेक्शन घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी मान एकीकडं वळली, डोळे वर गेले, जबडा आवळला. घरच्यांना वाटलं, बाहेरचं होतंच, आता उघड झालं. देवरुशाकडं न्यायला गाडी काढली होती. चुलत्याला काय सुचलं देव जाणे, गाडी आमच्याकडं वळवली. औषधाचा हा दुष्परिणाम आम्हाला पाठ असतो. फेनरगनचं एक इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मान सरळ. चुलता माझ्या हाताकडं बघत राहिला, जणू अंगारा मी लावला. मला आनंद झाला आणि लाजही वाटली, कारण डिस्चार्जच्या दिवशी "असं होऊ शकतं, घाबरू नका, लगेच या" हे त्यांना सांगायचं काम आमचंच होतं. कागदावर लिहिलेलं होतं. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. त्या घरात दोन्ही वाचणारं कुणी नव्हतं.

खरं तर मला बोलायचंय ते ह्याच्याबद्दल.

हाड मोडलं की एक्स-रे निघतो. एक्स-रेला भाषा नसते. आमच्याकडं तपासायचं सगळं बोलण्यातूनच, आणि बेळगावात बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. घरी मराठी, बाजारात कन्नड, फॉर्मवर तिसरंच काहीतरी. "जीव खालीवर होतोय", "काळजात कालवतंय", "डोस्कं बधिर झालंय", "कशात मन लागंना" हे चार वेगळे त्रास आहेत. घाईत भाषांतर झालं की चारही फाइलमध्ये एकच होतात, घबराट.

एकदा कलबुर्गीकडच्या ज्युनियर डॉक्टर मॅडम एका पेशंटला तपासत होत्या. चंदगडच्या वाटेवरच्या खेड्यातला शेतकरी. विचार करायची ताकद शाबूत आहे का ते बघायला म्हण विचारून अर्थ सांगायला लावतात, नेहमीची पद्धत आहे. मॅडमनी कन्नड म्हण विचारली, "कै केसरादरे बायि मोसरु." हात चिखलात घातलास तर तोंडात दही, म्हणजे राबशील तर खाशील. हा बाजारापुरतं कन्नड जाणणारा माणूस. जरा वेळ विचार करून म्हणाला, "चिखलाच्या हातानं दही कोण खातंय? हात धुवून खातो आम्ही."

मॅडमनी लिहिलं, म्हणीचा शब्दशः अर्थ घेतो, अमूर्त विचार बिघडलेला.

मी म्हटलं, मॅडम, एक मिनिट. आणि त्याला विचारलं, "काका, नाचता येईना अंगण वाकडं म्हंजे काय?" तो हसला. वॉर्डात आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाला, "आमच्या धाकट्याचं तसंच हाय. पीक येईना की बी खराब म्हणतोय."

मॅडम समजूतदार. त्यांनीही हसून ती ओळ खोडली. हा दोष त्यांचा नव्हेच. त्या मराठी मुलखातल्या नाहीत, कन्नडमध्ये फार मायेनं विचारपूस करतात. मलाही सुरुवातीला उलटी अडचण होती. गोकाककडच्या आजीला मी रोज "ऊटा आतेनरी? निद्दी बंतेनरी?" एवढंच विचारायचो, कारण जेवण आणि झोप ह्यापलीकडं माझं कन्नड जात नव्हतं. आजी "हं" म्हणायची आणि मी "शांत" लिहायचो. ती शांत नव्हती. तिला माझ्याशी बोलण्यात अर्थ वाटत नव्हता. आमच्या एका सिस्टर तिच्याशी तिच्या बोलीत बोलल्या तेव्हा आजीनं मेलेल्या मुलाचं सगळं सांगितलं. मी त्या वर्षी कन्नड शिकायला घेतलं. गावात दोघांनी टोमणे मारले. मारोत.

कानात येणाऱ्या आवाजांचंही तेच. वडगावातली विणकर घरातली एक बाई, जन्माची मराठी, पण तिला शिव्या कन्नडमध्ये ऐकू यायच्या. दुसरा एक कन्नड निवृत्त मास्तर, त्याला एक बाई मराठीत हाक मारायची. आवाज कुठल्या भाषेत येतो, हे विचारावं असं मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. विचारलं की पेशंट दचकतो. ह्याला खरंच ऐकायचंय, हे त्याला तिथं कळतं. त्यानंतर तो गोळी गालात लपवायचं कमी करतो, असा माझा अनुभव.

बदल्या करताना मात्र कुणाला काय बोलता येतं हे कुणी बघत नाही. दोन्ही भाषा बोलणाऱ्या सिस्टरला उचलून दुसऱ्या वॉर्डात टाकतात आणि तिच्या जागी नवीन पोरगं येतं. उंच, धिप्पाड. का, तर "मेंटलला माणूस धरायला लागतो." ब्रदर म्हणजे धरणारा, हे डोक्यातून जातच नाही.

धरायला लागतं, नाही म्हणत नाही. चष्मा दोनदा फुटलाय, एकदा ओठाला टाके पडले. पण २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की बांधून ठेवणं फक्त तातडीची इजा टाळायला, दुसरा उपायच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं आणि गरजेपुरत्याच वेळासाठी. शिक्षा म्हणून नाही. आणि माणसं कमी आहेत हे कारणही चालत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. हे शेवटचं कलम मला नेहमी रात्री दोन वाजता आठवतं, वॉर्डात मी एकटा असतो तेव्हा. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली, साखळीनं बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्यामुळं मेले. म्हणून कायदा पाहिजेच. पण कायदा पाळायला लागणारी माणसंही पाहिजेत.

एक गोष्ट लिहू का नको, असं दोन दिवस चाललंय. निपाणीकडचा तंबाखूचा शेतकरी, कर्जात, महिनाभर गप्प. आमच्याकडं आल्यावर तिसऱ्या आठवड्यात बोलायला लागला, दाढी केली, मला विचारलं, "ब्रदर, तिकडं पाऊस झाला काय ओ?" मी खुशीत रिपोर्ट लिहिला. घरी गेला आणि पंधरा दिवसांत त्यानं जीव दिला. उदासी ओसरायला लागते तेव्हा अंगात बळ आधी येतं, मन मागून येतं. तो काळ आणि घरी गेल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात जपायचे, हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. त्याच्या बायकोचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, गोळ्या परत करायच्या का विचारत होती. त्यानंतर मी प्रत्येक डिस्चार्जला घरच्यांना बसवून, त्यांच्या भाषेत, दोनदा सांगतो. आणि १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर त्यांच्याच मोबाइलमध्ये घालून देतो. फुकट आहे, रात्रीही लागतो, भाषा निवडता येते. तुम्हीही घालून ठेवा.

माघात आमच्याकडं गर्दी वाढते. सौंदत्तीच्या यल्लम्माला जायचं म्हणून लोक गोळ्या बंद करतात. पूर्वी मी ह्यावर चिडायचो. आता विचारतो, किती दिवस जाणार? मग तेवढ्या गोळ्या पुडीत बांधून देतो आणि म्हणतो, भंडाऱ्याच्या पिशवीतच ठेवा. आईला दोन्ही चालतं.

मिळतं काय, हे भाच्यानं विचारलं नव्हतं, पण सांगतो. मध्यंतरी रविवार पेठेत ती वडगावची बाई दिसली. सुकं खोबरं घेत होती, दुकानदाराशी दोन रुपयांवरून कडाकडा भांडत होती, कन्नडमध्ये. माझी तिची नजरानजर झाली. तिनं ओळख दाखवली नाही. मीही नाही. बाजारात ओळख दाखवायची नाही हा आमच्यातला नेम, कारण शेजारी उभी असलेली जाऊबाई "हे कोण?" विचारणार. दुकानदारानं दोन रुपये सोडले. मी पुढं जाऊन उगीचच पावशेर खोबरं घेतलं. घरात आधीच होतं, त्यावरून बोलणी खाल्ली.

हे सगळं लिहून झाल्यावर काल भाच्याला फोन केला. म्हटलं, सलाइनचं सोड, कन्नड किती येतं? म्हणाला, "मित्रांपुरतं." मी म्हटलं, मग जूनपर्यंत आजीबायांपुरतं कर. तो म्हणाला, बरं. आणि मग, "मामा, महिन्याला नाइट किती येतात?"

दहा येतात रे. कधी बारा. तुझ्या आईला आठ सांग.