चष्मेवाली मगर

२०२५च्या सप्टेंबरमध्ये भाचीच्या हट्टापायी 'डीमन स्लेयर' या जपानी चित्रकथेचा सिनेमा थिएटरात जाऊन पाहिला. येताना रिक्षात विचारलं, "अगं, हे मुळात काढलं कुणी?" तिने मोबाइल पुढे धरला. चष्मा लावलेली मगर. म्हटलं, चित्र नको, माणसाचा फोटो दाखव. "मावशी, हाच फोटो."

कोयोहारू गोतोगे. हे टोपणनाव. २०१६ ते २०२० 'शोनेन जम्प' साप्ताहिकात मांगा, म्हणजे चित्रकथेची मालिका, २३ खंड, आणि २०२०च्या सिनेमाने तर जपानमधला 'स्पिरिटेड अवे' या सिनेमाचा कमाईचा विक्रम मोडला. एवढं होऊन चेहरा नाही, खरं नाव नाही. बाई की पुरुष यावर तिथल्या साप्ताहिकांनी बातम्या केल्या. मगर गप्प.

मग रात्री बसून बाकीचे मांगावाले धुंडाळले (भोचकपणाच, कबूल). 'जुजुत्सु काइसेन'चे गेगे आकुतामी टीव्हीवर आले ते स्वतःच्याच मालिकेतल्या पात्राच्या वेशात, तोंड झाकून. 'डेथ नोट'ची चित्रं ताकेशी ओबातांची, हे जगाला ठाऊक. गोष्ट लिहिणारे त्सुगुमी ओबा कोण, हे आजवर जाहीर नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं : जपानी माणूस लाजाळू, नम्र. मला ते अजिबात पटत नाही. लाजणारा माणूस आपल्या डोक्यातली भुतं आठवड्याला एकोणीस-वीस पानं या हिशेबाने लाखो लोकांसमोर मांडत नाही. हे लाजणं नाही, हा बंदोबस्त आहे.

'कुरोकोज बास्केटबॉल' या मांगाचे तादातोशी फुजिमाकी यांचंच बघा. ते कुठल्या विद्यापीठात शिकायला होते, हे लोकांना माहीत होतं. २०१२मध्ये तोक्योच्या त्या सोफिया विद्यापीठातच धमकीचं पत्र आणि विषारी द्रव सापडला. मग दुकानांना, कार्यक्रमांच्या सभागृहांना पत्रं. 'कॉमिकेट' या, चाहत्यांनी स्वतः काढलेली पुस्तकं विकण्याच्या प्रचंड बाजारात त्या डिसेंबरला 'कुरोको'वरची पुस्तकं मांडू दिली नाहीत. २०१३च्या अखेरीस माणूस पकडला गेला, पुढल्या वर्षी साडेचार वर्षांची शिक्षा झाली. फुजिमाकींशी त्याची ओळखही नव्हती. त्यांचं यश त्याला सहन झालं नाही, एवढंच. हे पाहिलेल्या चित्रकाराने मगरीआड बसायचं ठरवलं तर त्याला विक्षिप्त कसं म्हणायचं?

आणि हे फक्त बड्यांचं झालं. कॉमिकेट १९७५ला सुरू झालं तेव्हा जेमतेम ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसं होती, आता लाखांत मोजतात. तिथे टेबलामागे बसणारे बरेच जण सोमवारी कुठल्यातरी ऑफिसात हजर असतात. कित्येक कंपन्यांत जोडधंद्याला मनाई, सरकारी नोकराला तर परवानगीशिवाय कायद्यानेच मनाई. त्यात दुसऱ्याच्या पात्रांवर पुस्तक काढणं म्हणजे कॉपीराइटच्या दृष्टीने अर्धवट उजेडातला व्यवहार, मूळ मालकाने काणाडोळा केला म्हणून चाललेला. शेजारच्या टेबलावरच्या बाईने आपल्याला ओळखलं तर? या भीतीला तिथे शब्दच आहे : 'मिबारे'. आपण कोण ते उघडं पडणं.

म्हणून २०२३च्या ऑक्टोबरात जपानमध्ये उपभोग कराची (आपल्या जीएसटीसारखा कर) नवी इन्व्हॉइस पद्धत आली तेव्हा मांगा, अ‍ॅनिमे आणि आवाज देणारे कलाकार विरोधात उभे राहिले. पैशांचा प्रश्न होताच. पण नोंदणी केली की नंबरावरून खरं नाव कर खात्याच्या साइटवर कुणालाही दिसणार, ही धास्तीही तेवढीच होती. आपल्याकडे जीएसटी नंबर टाकला की मालकाचं नाव येतं, त्याचं आपल्याला काही वाटत नाही. तिथे त्याच नावामुळे झोप उडते.

बायकांचं वेगळंच. 'फुलमेटल अल्केमिस्ट' या मांगाच्या हिरोमु आराकावा मूळच्या हिरोमी. मुलग्यांच्या मासिकासाठी पुरुषी वाटेल असं नाव घेतलं. स्वतःला काढतात गाय म्हणून, कारण होक्काइदोतल्या डेअरीवाल्या घरात वाढल्या. मला हे फार आवडतं. नाव झाकलं, पण गोठा सांगितला.

खोड जुनीच आहे म्हणा. लाकडी ठशांची चित्रं काढणाऱ्या जुन्या काळच्या होकुसाईने जन्मभरात तीसेक नावं बदलली. त्याच्याच काळातला शाराकू १७९४-९५ मध्ये जेमतेम दहा महिने नटांची चित्रं काढून असा गायब झाला की तो नेमका कोण, यावर अजून वाद आहेत. टोपणनावं आपल्याकडेही काही कमी नाहीत, पण कुसुमाग्रज म्हणजे शिरवाडकर हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आपलं टोपणनाव मिरवण्यासाठी, तिथलं आतून कडी लावायला.

यात सगळंच गोड नाही. चेहरा नसलेल्या माणसाच्या वतीने बोलायला प्रकाशक उरतो, आणि प्रकाशक काही कुणाचा मामा नसतो. तरीही वाचकाला चेहरा मागायचा हक्क आहे, असं मला वाटेनासं झालंय. 'ड्रॅगन बॉल'चे अकिरा तोरियामा तर खऱ्या नावाने लिहिणारे, तेही स्वतःला गॅस मास्क घातलेला रोबो म्हणून काढायचे. १ मार्च २०२४ला गेले. जगाला कळलं ८ तारखेला, घरच्यांनी अंत्यसंस्कार उरकल्यावर. ते सात दिवस त्यांच्या घरच्यांचे होते.

जाता जाता. परवा इन्स्टावर एका अनोळखी नावाच्या खात्यावरची चित्रं दिसली आणि एका चित्रात आमच्या गॅलरीतली जाळी, तुटलेल्या कोपऱ्यासकट. भाचीला काही बोलले नाही, बहिणीलाही नाही. तिने स्वतःला कुठला प्राणी काढलंय तेही इथे लिहिणार नाही. तिची आई माझ्या पोस्ट वाचते.