'रँक अँड फाईल'चा तो फॉरवर्ड पुढं पाठवू नका

युनियनच्या साध्या सभासदांना इंग्रजीत 'रँक अँड फाईल' म्हणतात, त्या शब्दावर आमच्या सोलापुरात सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणे रँक म्हणजे साहेब, फाईल म्हणजे साहेबाच्या फायली उचलणारे, हा शब्द इंग्रजांनी 1930 च्या मार्शल लॉच्या वेळी इथल्या गिरणी कामगारांना हिणवायला काढला, आणि म्हणून युनियनच्या साध्या सभासदानं नेत्यांना प्रश्न विचारायचे नसतात. माझी मावशी विड्या वळते. ती मीटिंगमध्ये वर्गणीचा हिशोब विचारणार होती, तिला कुणीतरी हे वाचून दाखवलं आणि आता म्हणते, "आपण फाईलवाले, गप बसलेलं बरं."

अहो, रँक म्हणजे साहेब नाहीच! कवायतीत खांद्याला खांदा लावून आडवी ओळ होते ती रँक, आणि एकामागं एक उभी ओळ ती फाईल. 26 जानेवारीची परेड नीट बघा, मधल्या ओळीतला कुठलाही शिपाई घ्या, शेजारच्यांबरोबर तो रँकमध्ये असतो आणि पुढच्या-मागच्यांबरोबर फाईलमध्ये, म्हणजे एकच माणूस दोन्हीत, साहेब तर ओळी सोडून समोर उभा असतो. ऑक्सफर्डची डिक्शनरी उघडा, तिथं हा शब्द कवायतीतल्या ओळींवरूनच आलाय असं दिलंय आणि अर्थ दिलाय नेते सोडून बाकीचे साधे सभासद. पूर्ण शब्दच सभासदांचा आहे, त्यात साहेब घुसवला कुणी?

1930 चं म्हणाल तर मार्शल लॉ खरा, 12 जानेवारी 1931 ला आपले चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले तेही खरं, पण हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या शेवटापासून आहे, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीसुद्धा निघाली नव्हती. हुतात्म्यांच्या आठवणीला असली थाप चिकटवताना काहीच कसं वाटत नाही.

एक मान्य करावं लागेल, ऑफिसातली फाईल आणि ही फाईल दोन्ही लॅटिनमधल्या दोऱ्याच्या शब्दावरून आल्यात. पूर्वी कागद दोऱ्यात ओवून ठेवायचे, आपल्याकडं किराणावाले बिलं तारेला ओवायचे तसं. पण त्यानं सभासद कुणाचा हमाल होत नाही.

आणि प्रश्न विचारायचे नाहीत हे कुणी ठरवलं? 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यातच लिहिलं होतं की युनियनची हिशोबाची पुस्तकं सभासदाला तपासायला खुली पाहिजेत. युनियन नोंदवायची तर सह्यासुद्धा सभासदांच्याच लागायच्या, मूळ कायद्यात नुसत्या सात. विड्या वळून पोट भरणाऱ्या बाईच्या वर्गणीवर जी युनियन चालते तिथं तिलाच गप करायचं, याचा मला भयंकर राग येतो. मावशी हिशोब विचारणार, आणि ज्यानं हे पाठवलं त्यानं त्याच ग्रुपवर खोटं होतं म्हणून सांगावं.