१२० चा आकडा मोजला कसा?
वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणल्यास हृदयविकाराचा धोका घटतो, असे रक्तदाबावरील लेखात म्हटले आहे. परंतु रक्तदाबाच्या उपचारांवरील ज्या अमेरिकी ‘स्प्रिंट’ चाचणीचा (२०१५) त्यात दाखला दिला आहे, तिच्यातील ९,३६१ जणांत मधुमेही आणि पूर्वी पक्षाघात झालेले रुग्ण घेतलेच नव्हते, हे नमूद करायला हवे होते. शिवाय तिथे रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, स्वयंचलित यंत्राने तीनदा दाब मोजून सरासरी काढत. माझे वडील दवाखान्याचा जिना चढून आले, तोच शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला गेला. आकडा आला १५८ आणि गोळी वाढली. घरी निवांत मोजला, तर १३४! दाब अधिक उतरवलेल्या गटात, कमी उतरवलेल्या गटापेक्षा, भोवळ येऊन शुद्ध हरपण्याचे आणि मूत्रपिंडाला अचानक इजा होण्याचे प्रमाण जास्त होते, हेही त्याच चाचणीत नोंदले आहे.