बबन्याची खुकरी

बबन्या दीवहून आला आणि कट्ट्यावर मोबाइल फिरवायला लागला. फोटोत हा डेकवर, गॉगल लावून. खाली लिहिलेलं, 'याच जहाजावर कॅप्टन मुल्लांनी जलसमाधी घेतली.'

सुध्याने फोटो मोठा करून पाहिला. "अरे, मुल्लांची खुकरी, आपल्या नौदलाची युद्धनौका, १९७१ च्या युद्धात बुडाली, तेव्हापासून समुद्राच्या तळाशी आहे. तू उभा आहेस ते नंतरचं जहाज, त्याच नावाचं. २०२१ मध्ये निवृत्त झालं, म्हणून दीवला आणून ठेवलंय. स्मारक वेगळं, टेकडीवर. पाहिलंस?"

"लांबून. ऊन होतं. आणि आहे काय तिथे? काचेच्या पेटीत खेळण्यातलं जहाज! लेझर शो ठेवा, मग बघा गर्दी."

"दीवला तू सावली कुठे शोधलीस ते अख्ख्या आळीला माहीत आहे," विन्या म्हणाला. मग त्याचंही सुरू झालं, "पण मुल्लांनी जीव द्यायला नको होता. अनुभवी माणूस, नौदलाच्या उपयोगी पडला असता."

सुध्या तापला. "१८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले, विन्या. टॉर्पेडो लागल्यावर काही मिनिटांत जहाज बुडालं. खालच्या डेकवरची पोरं वर येऊ शकली नाहीत. ती खाली असताना त्या माणसाने स्वतःचं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं, आणि तू उपयोगाचा हिशेब मांडतोस? हिशेब मागायचाच तर वेगळा माग. पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीला खुकरी लांबून ऐकू येत होती, खुकरीच्या सोनारचा, म्हणजे पाण्याखालचं ऐकायच्या यंत्राचा, पल्ला तोकडा. तो वाढवायच्या चाचणीसाठी वेगही कमी ठेवलेला. पाणबुडीच्या शिकारीला पाठवलं, पण कान दिले नाहीत. तुझ्या लेझर शोमध्ये हे दाखवणार का रे, बबन्या?"

मला सुध्याचं शंभर टक्के पटलं. ४ डिसेंबरला कराचीवर हल्ला केला म्हणून आपण नौदल दिन साजरा करतो, आणि करायलाच हवा. पण पाचच दिवसांनी ९ डिसेंबर येतो, खुकरी बुडाली तो दिवस, तेव्हा कुणाच्या स्टेटसला खुकरी नसते. मी तसं म्हटलंही.

बबन्या कोंडीत सापडला की जुनं उकरतो. "एवढा दर्यावर्दी, तर मांडव्याच्या लाँचमध्ये माझ्या नव्या शर्टावर कोण ओकलं होतं?"

"भरून दिलाय तुझा शर्ट!" सुध्या म्हणाला.

"अर्धे पैसे दिलेस!"

त्यावरून पंधरा मिनिटं गेली. शेवटी सुध्याच हसायला लागला आणि बबन्याने मोबाइल त्याच्यापुढे धरला. "बरं, काय लिहू ते तूच सांग."

सुध्याने सगळं खोडलं आणि तारीख, १८ आणि १७६ एवढंच लिहिलं.

"आणि फोटो?" बबन्याने विचारलं.

"टेकडीवरचा टाक. विन्याकडे आहे. त्यात तू नाहीस," सुध्या म्हणाला, आणि विन्या हसून हसून कट्ट्यावरून खाली पडायचा राहिला.