यादीत नाव नसेल तर ‘चॅलेंज व्होट’ मागता येते का? एका व्हायरल संदेशाचा प्रतिवाद

निवडणूक जवळ आली की एक संदेश हमखास व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. त्याचा आशय असा आहे: मतदान केंद्रावर गेल्यावर यादीत आपले नाव नाही असे आढळले, तर आधार कार्ड किंवा मतदार ओळखपत्र दाखवा, ‘कलम ४९ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागा आणि मत द्या, आपल्या नावावर कोणी आधीच मत दिले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा, आणि एखाद्या केंद्रावर टेंडर मते १४ टक्क्यांहून अधिक झाली तर तेथे फेरमतदान घ्यावेच लागते. शेवटी हा संदेश जास्तीत जास्त लोकांना पाठवण्याची विनंती असते. निवडणूक आयोगाने तो दिशाभूल करणारा असल्याचे यापूर्वीच स्पष्ट केले आहे. तरीही तो पुन्हा पुन्हा येतो, याचे एक कारण असे की त्यातील एक गोष्ट अर्धी खरी आहे, आणि दुसरे कारण असे की यादीतून नाव गळाल्याचा अनुभव खरोखरच अनेकांना आलेला आहे. त्यामुळे ‘हा संदेश खोटा आहे’ एवढे सांगून भागत नाही. प्रत्येक दाव्याच्या जागी कायदा नेमके काय म्हणतो ते पाहावे लागते.

पहिला दावा: ओळखपत्र दाखवले की यादीत नाव नसतानाही मत देता येते

सगळा गोंधळ येथून सुरू होतो, म्हणून या मुद्द्यावर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याचे कलम ६२ सांगते की मतदारसंघाच्या यादीत ज्याचे नाव त्या वेळी नोंदलेले नाही, त्याला त्या मतदारसंघात मत देण्याचा हक्क नाही, आणि ज्याचे नाव नोंदलेले आहे त्याला, कायद्यातील अपवाद वगळता, तो आहे. या कलमात ओळखपत्राचा उल्लेखही नाही. ओळखपत्राचा संबंध येतो तो त्याच कायद्याच्या कलम ६१ मध्ये, आणि तेथे त्याचे काम वेगळे आहे: एकाच्या नावावर दुसऱ्याने मत देऊ नये म्हणून, म्हणजे तोतयेगिरी रोखण्यासाठी, बोटाला शाई लावणे आणि ओळखपत्र दाखवणे अशा उपायांची तरतूद त्या कलमाने केली आहे. यादी सांगते की मत देण्याचा हक्क कोणाला आहे. समोर उभी असलेली व्यक्ती तीच आहे की नाही एवढेच ओळखपत्र सांगते. जे नाव यादीतच नाही, त्याची ओळख पटवून केंद्राध्यक्ष काहीही करू शकत नाही.

छायाचित्र असलेली मतदार ओळखपत्रे देण्याचा निर्णय टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना १९९३ मध्ये झाला. तेव्हापासून हे कार्ड घराघरांत इतके रुळले आहे की ‘माझ्याकडे कार्ड आहे म्हणजे मी मतदार आहे’ अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. पण कार्ड एकदा मिळाले की ते कपाटात वर्षानुवर्षे राहते आणि यादी मात्र सतत बदलत असते. घर बदलले, दुसऱ्या मतदारसंघात नोंदणी झाली, किंवा पडताळणीसाठी आलेल्या बीएलओला (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) घराला कुलूप दिसले, तर यादीतील नावावर परिणाम होऊ शकतो आणि हातातील कार्ड पूर्वीसारखेच दिसत राहते. पुण्यात किंवा ठाण्यात भाड्याचे घर दर दोन-तीन वर्षांनी बदलणाऱ्या कुटुंबांना हे फार लवकर कळते.

उलट बाजूने पाहिले तर कायदा आणि आयोगाचे निर्देश कार्डाच्या बाबतीत पुष्कळ उदार आहेत, आणि हा संदेश नेमकी ही उपयोगी माहिती देत नाही. यादीत नाव असेल आणि मतदार ओळखपत्र हरवले असेल, तरी मत देता येते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत आयोगाने त्यासाठी आणखी बारा कागदपत्रे मान्य केली होती; त्यांत आधार, पॅन, वाहन परवाना, पारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा टपाल कार्यालयाचे पासबुक, मनरेगाचे जॉब कार्ड, छायाचित्र असलेले निवृत्तिवेतनाचे कागद आणि दिव्यांगांचे ओळखपत्र यांचा समावेश होता. दुसऱ्या मतदारसंघात दिलेले जुने कार्डही चालते, अट एवढीच की ज्या केंद्रावर आपण गेलो आहोत तेथील यादीत नाव असले पाहिजे. यादीतील नोंदीत केवळ लेखनाची किंवा छपाईची चूक असेल आणि व्यक्ती तीच असल्याची खात्री पटत असेल, तर त्या चुकीकडे दुर्लक्ष करावे, असे निवडणूक संचालन नियम, १९६१ याचा नियम ४९एच सांगतो. नावातील वेलांटी चुकली किंवा वडिलांच्या नावात एक अक्षर कमी पडले, म्हणून कोणी मतदाराला परत पाठवत असेल तर त्याने या नियमाचा आधार घ्यावा. मात्र केंद्रावर मिळणारी किंवा घरी येणारी मतदार माहिती चिठ्ठी ओळखपत्र म्हणून चालत नाही, हे लक्षात ठेवावे लागते; २०१९ पासून तिला एकटीला ओळखीचा पुरावा मानले जात नाही. परदेशात राहणाऱ्या आणि ‘अनिवासी मतदार’ म्हणून नोंद झालेल्या भारतीय नागरिकांसाठी नियम याहून कडक आहे: त्यांना प्रत्यक्ष केंद्रावर यावे लागते आणि ओळख म्हणून केवळ मूळ भारतीय पारपत्र चालते. दुबईहून किंवा लंडनहून मतदानासाठी येणाऱ्या मराठी माणसाने आधार कार्ड पुढे केले तर त्याचा उपयोग होणार नाही.

आधारविषयी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे, कारण संदेशात त्याचे नाव सर्वांत आधी येते. आधार रहिवाशाला मिळते, आणि आधार क्रमांक हा स्वतः नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ९ स्पष्ट म्हणते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२६ प्रमाणे मताधिकार अठरा वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाचा आहे. बिहारमध्ये २०२५ साली मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आधार ओळखीचा पुरावा म्हणून स्वीकारण्यास सांगितले; पण ते नागरिकत्वाचा पुरावा मानू नये, हेही त्याच वेळी स्पष्ट केले. केंद्रावर आधार दाखवून यादीत नसलेले नाव आत घालता येईल, ही कल्पना या चौकटीत कोठेही बसत नाही.

दुसरा दावा: ‘कलम ४९ए’खाली ‘चॅलेंज व्होट’ मागता येते

४९ए हे कोणत्याही कायद्याचे कलम म्हणून येथे लागू होत नाही. तो १९६१ च्या नियमांतील एक नियम आहे आणि त्याचा विषय मतदान यंत्राची रचना हा आहे. ‘चॅलेंज’ ही गोष्ट अस्तित्वात आहे, पण ती नियम ४९जे मध्ये आहे आणि तिची दिशा संदेशात सांगितली आहे त्याच्या अगदी उलट आहे. आव्हान देतो तो मतदार नसतो. उमेदवाराचा मतदान प्रतिनिधी दोन रुपये केंद्राध्यक्षाकडे रोख जमा करून ‘ही व्यक्ती यादीतील अमुक मतदार नाही’ असा आक्षेप घेतो. मग केंद्राध्यक्ष त्या व्यक्तीला तोतयेगिरीबद्दलच्या शिक्षेची जाणीव देतो, यादीतील नोंद पूर्ण वाचून दाखवतो, ती नोंद तुमचीच आहे का असे विचारतो, आक्षेपित मतांच्या यादीत तिचे नाव-पत्ता लिहून सही घेतो आणि तेथल्या तेथे चौकशी करतो. आक्षेप सिद्ध झाला नाही तर त्या व्यक्तीला मत देऊ दिले जाते. सिद्ध झाला तर रोखले जाते. आक्षेप निव्वळ त्रास देण्यासाठी घेतला होता असे दिसले तर प्रतिनिधीचे दोन रुपये सरकारजमा होतात.

या सगळ्या प्रक्रियेचा पाया यादीतील नोंद आहे. वाचून दाखवायला नोंदच नसेल तर आव्हानाची पहिली पायरीही येत नाही. म्हणजे ज्या तरतुदीने खऱ्या मतदाराला संशयापासून संरक्षण मिळते, तीच तरतूद यादीबाहेरच्या माणसाला प्रवेश देणारी म्हणून सांगितली जात आहे.

तिसरा दावा: आपल्या नावावर कोणी मत दिले असेल तर ‘टेंडर व्होट’ मागा

हा दावा मुळात खरा आहे, आणि तो प्रत्येक मतदाराला माहीत असावा असे मला मनापासून वाटते. नियम ४९पी प्रमाणे, आपल्या नावावर आधीच मत नोंदले गेले असेल, तर केंद्राध्यक्ष विचारील त्या ओळखीच्या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देऊन मतदाराला ‘प्रदत्त मत’ (म्हणजेच टेंडर व्होट) देता येते. येथेही नाव यादीत असावे लागते. केंद्राध्यक्षाने ‘तुमचे मत झाले आहे, परत जा’ असे सांगितले तर ते नियमाला धरून नाही, आणि मतदाराने तेथून निघून जाऊ नये.

पण संदेशात पुढची माहिती नाही. प्रदत्त मत यंत्रावर दिले जात नाही. त्यासाठी कागदी मतपत्रिका मिळते, मतदार नमुना १७बी मधील यादीत सही करतो, शिक्का मारतो, आणि ती मतपत्रिका स्वतंत्र लिफाफ्यात बंद केली जाते. मतमोजणीच्या दिवशी हा लिफाफा उघडला जात नाही. ती मते विचारात येतात ती न्यायालयाच्या आदेशाने, म्हणजे निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल झाली तर. राजस्थानातील नाथद्वारा येथे २००८ च्या विधानसभा निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार सी. पी. जोशी एका मताने हरले. त्या निकालाविरुद्धच्या याचिकेत प्रदत्त मतांचा प्रश्न उभा राहिला आणि तो २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. इतक्या अटीतटीच्या लढतीत प्रदत्त मताला फार मोठे मोल येते. इतर वेळी त्याचे महत्त्व असे की, आपल्या नावावर दुसऱ्याने मत दिल्याची अधिकृत नोंद सरकारी दप्तरात राहते. ती नोंद करून घेणे योग्यच आहे, फक्त त्या दिवशीच्या मोजणीत आपले मत धरले जाईल, अशा समजुतीने ती करू नये.

चौथा दावा: टेंडर मते १४ टक्क्यांवर गेली की फेरमतदान

अशी तरतूद कोठेही नाही. फेरमतदानाचे आधार १९५१ च्या कायद्याच्या कलम ५८ आणि ५८ए मध्ये आहेत: मतदान यंत्र किंवा मतपेटी पळवली गेली, तिचे नुकसान झाले, यंत्रात बिघाड झाला, मतदानच दूषित होईल अशी कार्यपद्धतीची चूक झाली, किंवा केंद्र बळकावले गेले. टक्केवारीचा आकडा त्यांत नाही.

व्यवहाराच्या दृष्टीनेही हा आकडा टिकत नाही. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत सुमारे ९.७ कोटी मतदार आणि एक लाखाहून थोडी अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे एका केंद्रावर सरासरी साडेनऊशेच्या आसपास मतदार. त्यांपैकी सहाशे जणांनी मत दिले असे धरले तर १४ टक्के म्हणजे ८४ मते होतात, आणि केंद्राध्यक्षाच्या साहित्यात प्रदत्त मतांसाठी साधारणपणे वीस मतपत्रिका असतात. एका केंद्रावर ऐंशी लोकांच्या नावे तोतयांनी मते दिली असतील, तर तो केंद्र बळकावण्याचाच प्रकार असेल, आणि त्याची तक्रार निरीक्षक आणि निवडणूक निर्णय अधिकारी यांच्याकडे त्याच क्षणी झाली पाहिजे. संध्याकाळपर्यंत टक्के मोजत बसण्याची ती वेळ नव्हे.

महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुकांच्या वेळीही हाच संदेश फिरतो. त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, त्यांचे कायदे आणि नियम वेगळे आहेत, आणि त्यासाठी विधानसभेची यादी प्रभागवार विभागून वापरली जाते. १९६१ चे हे नियम लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकांसाठी आहेत.

‘पाठवला तर बिघडले काय?’

असे अनेक जण विचारतात, आणि त्यांचा हेतू चांगला असतो. बिघडते ते असे की, हा संदेश मतदाराला मतदानाच्या दिवसापर्यंत निश्चिंत ठेवतो, आणि त्या दिवशी काहीही करता येत नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २३ प्रमाणे उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालणे, बदलणे किंवा वगळणे थांबते. म्हणजे खरी मुदत मतदानाच्या कित्येक दिवस आधी संपलेली असते. कार्ड घेऊन आलेला माणूस केंद्राध्यक्षाशी वाद घालतो, मागची रांग खोळंबते, दूरच्या गावाहून निवडणुकीच्या कामासाठी आलेली शिक्षिका किंवा तलाठी विनाकारण बोलणी खातात, आणि शेवटी तो मत न देताच घरी जातो.

यादीतून नावे गळण्याचा प्रश्न काल्पनिक नाही. बिहारमध्ये १ ऑगस्ट २०२५ च्या प्रारूप यादीत सुमारे ६५ लाख नावे नव्हती, आणि ती नावे कारणांसह जाहीर करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. ज्यांना मताधिकाराची काळजी आहे त्यांनी आपली शक्ती तेथे, प्रारूप यादी प्रसिद्ध होण्याच्या टप्प्यावर, लावली पाहिजे. यादीत नाव शोधणे आयोगाच्या संकेतस्थळावर किंवा १९५० या मदत क्रमांकावर शक्य आहे. नाव नसेल तर नमुना ६, पत्ता बदलला असेल किंवा दुरुस्ती हवी असेल तर नमुना ८ भरता येतो. मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

मतदानाच्या दिवशी ‘नाव नाही’ असे उत्तर मिळाले तरी दोन गोष्टी तपासून पाहाव्यात. केंद्र बदलले असेल तर नाव शेजारच्या खोलीतील दुसऱ्या यादी भागात असू शकते. आणि केंद्राध्यक्षाकडे अनुपस्थित, स्थलांतरित व मृत अशा मतदारांची एक वेगळी यादी असते; आपले नाव चुकून तिच्यात आले असेल, पण मूळ यादीत कायम असेल, तर ओळखपत्राची काटेकोर तपासणी होऊन मत देता येते. अशा मतदाराला परत पाठवता येत नाही.